नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची नैतिक जाण आणि व्यावसायिक ओळख कशी घडवावी: वॉर्डमध्ये शिकवणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

संध्याकाळच्या ड्यूटीवर असलेल्या सिस्टरला वॉर्डच्या फोनवर एक अनोळखी डॉक्टर सांगतो की अमुक रुग्णाला 20 मिलिग्रॅम औषध आत्ताच द्या, मी थोड्या वेळात येऊन सही करतो. औषधाच्या डबीवर स्पष्ट छापलेले असते की नेहमीचा डोस 5 मिलिग्रॅम आहे आणि दिवसभरात 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त द्यायचे नाही. फोनवरून तोंडी आदेश घेऊ नये, असा रुग्णालयाचा नियमही असतो. मानसोपचारतज्ज्ञ चार्ल्स हॉफलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा प्रसंग 22 परिचारिकांसमोर मुद्दाम उभा केला होता. त्यांपैकी 21 जणी डोस घेऊन रुग्णाकडे निघाल्या. ते औषध प्रत्यक्षात निरुपद्रवी होते आणि रुग्णापर्यंत पोहोचण्याआधीच त्यांना थांबवण्यात आले. याच अभ्यासात दुसऱ्या एका गटाला हा प्रसंग फक्त कागदावर दिला होता. त्या गटातील 21 नर्सिंग विद्यार्थिनींपैकी प्रत्येकीने आपण हे औषध देणार नाही, असे सांगितले.

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. कागदावर उत्तर देणाऱ्या विद्यार्थिनी खोटे बोलत नव्हत्या आणि डोस घेऊन निघालेल्या परिचारिका वाईट नव्हत्या. योग्य काय हे माहीत असणे आणि ऐनवेळी ते हातून होणे, यांच्यामध्ये जे अंतर आहे, तेच या आकड्यांतून दिसते. 1977 साली रँक आणि जेकबसन यांनी असाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा औषध परिचारिकांच्या ओळखीचे होते आणि त्यांना सहकाऱ्यांशी बोलण्याची मुभा होती. या वेळी 18 पैकी 16 जणींनी तो डोस दिला नाही. औषधाची माहिती असणे आणि शेजारच्या माणसाला विचारता येणे, एवढ्या दोन गोष्टींनी चित्र पालटले.

म्हणून या मार्गदर्शनातील सगळा भर एकाच गोष्टीवर आहे. नैतिक जाण वर्गातल्या व्याख्यानाने सुरू होऊ शकते, पण ती पक्की होते वॉर्डमध्ये, रोजच्या लहान कामांत, विचारण्याच्या आणि बोलण्याच्या सवयीतून. आणि ही सवय लावणे हे शिकवणाऱ्याचे काम आहे. विद्यार्थी आपोआप ‘चांगली नर्स’ होईल, असे गृहीत धरणे योग्य नाही.

विद्यार्थी नेमका कुठे अडतो, हे आधी ओळखा

नैतिक विकासाचा विषय निघाला की लॉरेन्स कोहलबर्ग यांचे नाव पहिल्यांदा येते. 1958 सालच्या प्रबंधापासून त्यांनी मांडलेल्या विचारानुसार माणसाचा नैतिक विचार तीन स्तरांतून आणि सहा टप्प्यांतून पुढे सरकतो: आधी शिक्षेची भीती आणि स्वतःचा फायदा, मग इतरांची मान्यता आणि नियमपालन, आणि शेवटी स्वतः पारखून स्वीकारलेली तत्त्वे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचे बरेचसे वागणे ‘मॅडम रागावतील’ किंवा ‘नियम आहे’ या दोन कारणांवर चालते, हे आपण रोज पाहतो. मात्र या टप्प्यांची फूटपट्टी घेऊन विद्यार्थ्यांना मोजत बसू नये. कॅरोल गिलिगन यांनी 1982 साली दाखवून दिले की कोहलबर्ग यांचा मूळ अभ्यास केवळ मुलग्यांवर झाला होता आणि नात्यातून, काळजीतून, समोरच्याच्या गरजेतून येणारा नैतिक विचार त्यात कमी दर्जाचा ठरत होता. नर्सिंगला हे दोन्ही विचार लागतात. वेदनेने कळवळणाऱ्या रुग्णाजवळ थांबावेसे वाटणे आणि सर्व रुग्णांना वेळ न्याय्यपणे वाटून देणे, यांतले एक उच्च आणि दुसरे खालचे, असे म्हणता येत नाही.

शिकवण्याच्या दृष्टीने मला सगळ्यात उपयोगी वाटते ती जेम्स रेस्ट यांची मांडणी. त्यांच्या मते नैतिक कृती घडण्यासाठी चार गोष्टी लागतात: इथे काहीतरी नैतिक प्रश्न आहे हे लक्षात येणे, काय करणे योग्य ठरेल हे ठरवता येणे, इतर सगळ्या हिशेबांपेक्षा त्याला महत्त्व द्यावेसे वाटणे, आणि अडचण आली तरी ते तडीस नेण्याचे धैर्य व कौशल्य अंगी असणे. वॉर्डमधला एक साधा प्रसंग घेतला की हे चटकन कळते.

जनरल वॉर्डमध्ये एका रुग्णाला कॅथेटर (लघवीची नळी) घालत आहेत आणि पडदा ओढलेला नाही. चार विद्यार्थी आजूबाजूला उभे आहेत. पहिल्याचे सगळे लक्ष निर्जंतुक पद्धतीच्या पायऱ्यांवर आहे. रुग्ण उघडा पडला आहे, हे त्याच्या ध्यानातच येत नाही. दुसरीच्या ध्यानात येते, पण रुग्णाला तातडीने मोकळे करणे महत्त्वाचे की आधी पडदा लावणे महत्त्वाचे, याचा तिला उलगडा होत नाही. तिसऱ्याला पक्के ठाऊक आहे की पडदा हवा, पण स्टाफ सिस्टर चिडतील आणि त्यांच्याच हातात आपल्या लॉगबुकवरची सही आहे, हा विचार वरचढ ठरतो. चौथीने पडदा लावायचा असे मनाशी ठरवलेलेही आहे, पण कुठल्या शब्दांत बोलावे ते सुचत नाही आणि तेवढ्यात काम संपते.

बाहेरून पाहिले तर चौघेही गप्प उभे होते. चौघांनाही ‘रुग्णाच्या प्रतिष्ठेचा मान राखा’ असे सांगितले तर त्याचा उपयोग झाला तर फक्त पहिल्याला होईल. पहिल्याला नजर द्यावी लागते, दुसरीला विचार करण्याची पद्धत द्यावी लागते, तिसऱ्याला संरक्षण द्यावे लागते आणि चौथीला शब्द द्यावे लागतात. बहुतेक संस्थांत नीतिशिक्षणाचा जवळजवळ सगळा वेळ दुसऱ्या गोष्टीवर, म्हणजे तत्त्वे आणि पेचप्रसंगांच्या चर्चेवर, खर्च होतो. माझा अनुभव असा की विद्यार्थी तिथे फारसे अडत नाहीत. ते अडतात पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर.

तेव्हा एखादा विद्यार्थी चुकीच्या वेळी गप्प राहिला, तर त्याला रागावण्याआधी त्याला शांतपणे चार प्रश्न विचारा: तुला काय दिसले? काय करायला हवे असे वाटले? ते केले तर काय होईल अशी भीती वाटली? आणि बोलायचेच असते, तर कोणते शब्द वापरले असते? तो कुठल्या प्रश्नावर अडखळतो, तिथून तुमचे शिकवणे सुरू होते.

पहिल्या पोस्टिंगपासून: पाहणे, मोजणे, नावाने हाक मारणे

इझाबेल मेंझीस लिथ यांनी लंडनमधील एका शिक्षण-रुग्णालयातील नर्सिंग सेवेचा अभ्यास केला. तो 1960 च्या सुमारास प्रसिद्ध झाला आणि आजही तो वाचताना आपल्याच वॉर्डचे वर्णन वाचतो आहोत असे वाटते. रुग्णाच्या दुःखाच्या इतक्या जवळ राहण्यातून जी अस्वस्थता येते, तिच्यापासून बचाव करण्यासाठी संपूर्ण व्यवस्थाच काही सवयी लावून घेते, असे त्यांना आढळले. काम छोट्या छोट्या तुकड्यांत वाटले जाते, एका रुग्णाशी फार संबंध येऊ दिला जात नाही, आणि रुग्णाचा उल्लेख त्याच्या नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने किंवा अवयवाने होतो: दहा नंबरचे लिव्हर, पंधरा नंबरचा न्यूमोनिया. या सवयींमागे दुष्टपणा नसतो. पण नवा विद्यार्थी पहिल्या आठवड्यातच ही भाषा उचलतो, कारण ती बोलल्याने आपण ‘इथले’ झालो असे त्याला वाटते. व्यावसायिक ओळखीची सुरुवात नेमकी अशा जागी होते, आणि ती चुकीच्या दिशेने होऊ शकते.

यावर उपदेश करण्यापेक्षा कामाची रीत बदलावी. प्रत्येक विद्यार्थ्याला पोस्टिंगच्या पहिल्या दिवसापासून कामे वाटून देण्याऐवजी एक किंवा दोन रुग्ण वाटून द्यावेत आणि शक्य असेल तितके दिवस तेच रुग्ण त्याच्याकडे ठेवावेत. ओळख पटवण्यासाठी नाव व नोंदणी क्रमांक पडताळणे वेगळे आणि बोलताना माणसाला क्रमांक करून टाकणे वेगळे, हा फरक सांगावा. सकाळच्या चर्चेत विद्यार्थ्याने आपल्या रुग्णाची माहिती देताना निदानाच्या आधी नाव सांगावे आणि नावासोबत अशी एक तरी गोष्ट सांगावी जी केस पेपरवर लिहिलेली नाही: त्यांना कशाची चिंता आहे, कोण भेटायला येते, कोणत्या नावाने हाक मारलेली त्यांना आवडते. ही गोष्ट सांगता यावी म्हणून विद्यार्थ्याला खाटेजवळ जाऊन बसावे लागते, आणि तेच तर हवे आहे.

दुसरी सवय नोंदींची आहे, आणि तिच्याबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण प्रामाणिकपणाची पहिली परीक्षा इथेच होते. कुठल्याही गजबजलेल्या वॉर्डमधला टीपीआर चार्ट, म्हणजे तापमान, नाडी आणि श्वसन यांचा तक्ता, उघडून श्वसनदराचा रकाना पाहा. पुष्कळदा एकाखाली एक 20, 20, 18, 20 असे आकडे दिसतात. तापमान थर्मामीटर दाखवतो, नाडी मनगटावर हात ठेवला की जाणवते. श्वास मात्र मिनिटभर शांत उभे राहून मोजावा लागतो आणि तेवढा वेळ कोणाकडे नसतो. रुग्णाची प्रकृती बिघडू लागल्याच्या सर्वांत आधीच्या खुणांपैकी वाढता श्वसनदर ही एक खूण आहे, म्हणजे ज्या आकड्याने धोक्याची सूचना द्यायची तोच अंदाजाने लिहिला जातो. विद्यार्थ्याला कोणी ‘खोटे लिही’ असे सांगत नाही. वरच्या ओळीत 20 आहे, म्हणून खालच्या ओळीत 20 येते.

अशा वेळी शिकवणाऱ्याने स्वतः खाटेजवळ उभे राहावे. नाडी मोजून झाली तरी बोटे मनगटावरच ठेवावीत, म्हणजे आपला श्वास मोजला जातो आहे हे रुग्णाला जाणवत नाही आणि तो सहजपणे श्वास घेत राहतो. छातीकडे पाहत पूर्ण एक मिनिट मोजावे, आणि जो आकडा येईल, 17 असो वा 26, तो विद्यार्थ्यांसमोर लिहावा. मग नियम सांगावा: जे मोजले नाही ते लिहायचे नाही, मोजायला वेळ मिळाला नाही तर जागा रिकामी ठेवायची आणि मला येऊन सांगायचे. या नियमाचा खरा भार विद्यार्थ्यापेक्षा शिकवणाऱ्यावर पडतो. पहिला विद्यार्थी रिकामी जागा घेऊन येईल, तेव्हा तुम्ही त्याच्यावर ओरडलात, तर दुसऱ्या दिवशीपासून रकाना 20 ने भरलेला दिसेल आणि दोष तुमचा असेल. त्याच्याबरोबर खाटेकडे परत जा आणि दोघे मिळून मोजा.

पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 साली परिचारिकेच्या कौशल्यविकासाचे पाच टप्पे मांडले, अगदी नवख्या अवस्थेपासून ते तज्ज्ञतेपर्यंत. नवखा माणूस नियमांच्या आधाराने काम करतो, कारण परिस्थितीचा अर्थ लावण्याइतका अनुभव त्याच्या गाठीशी नसतो. नैतिक आचरणालाही हे लागू आहे, असे मला वाटते. पहिल्या वर्षी वर सांगितल्यासारखे थोडके, ठाम आणि पाळता येण्याजोगे नियम द्यावेत. नियमांना अपवाद कधी असतात, याची चर्चा पुढच्या वर्षांत, प्रत्यक्ष रुग्ण समोर असताना करावी.

ड्यूटीनंतरची चर्चा कशी घ्यावी

ड्यूटी संपल्यावरचा अर्धा तास हा नैतिक शिक्षणाचा सर्वांत मोलाचा वेळ असतो आणि तो बहुधा प्रक्रियांची यादी तपासण्यात जातो. आठवड्यातून निदान एकदा तो वेगळा राखावा. सगळे गोलाकार बसावेत, इथे बोललेले बाहेर जाणार नाही हे आधी ठरावे, रुग्णाची ओळख उघड होणार नाही याची काळजी घ्यावी, आणि या चर्चेला गुण नाहीत हे स्पष्ट सांगावे. मात्र एक अपवादही तेव्हाच सांगून ठेवावा: कोणाच्या जिवाला धोका होईल अशी गोष्ट कळली, तर ती मला पुढे न्यावी लागेल. हा अपवाद नंतर सांगितला तर विश्वासघात वाटतो.

चर्चा कशी वळवावी, हे एका नमुन्यावरून पाहू. एक विद्यार्थिनी म्हणते, “मॅडम, त्या आजींना आज तीनदा सुई टोचली. त्या नको नको म्हणत होत्या. मी त्यांचा हात धरून ठेवला होता.”

“हात धरलास तेव्हा तुला काय दिसत होतं?”

“त्या सुईकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या.”

“त्या नको म्हणाल्या, तेव्हा कोणी थांबून त्यांना काही विचारलं का?”

“नाही. सिस्टरांनाही घाई होती. पुढचं सलाइन लावायचं होतं.”

“बरं. उद्या हेच घडलं, तर हात धरण्याआधी तू आजींना काय सांगशील? आणि सिस्टरांना काय म्हणशील? आत्ता, इथे, तेच शब्द बोलून दाखव.”

इथे शिक्षिकेने चार गोष्टी केल्या नाहीत, आणि त्या न करणे फार महत्त्वाचे होते. तिने ‘असं चालतंच, सवय होईल’ असे म्हटले नाही. सिस्टरांना दोष दिला नाही. संमती या विषयावर व्याख्यान दिले नाही. आणि विद्यार्थिनीला अपराधी ठरवले नाही. तिने आधी नजर तीक्ष्ण केली, मग प्रश्न दाखवला, आणि शेवटी शब्दांवर आणून सोडले. विद्यार्थिनीचे वाक्य कदाचित एवढेच असेल: “सिस्टर, दोन वेळा प्रयत्न झालाय, आजी घाबरल्यात. मी त्यांच्याशी मिनिटभर बोलू का, तोवर दुसऱ्या सिस्टरांना बोलावता येईल का?” हे वाक्य एकदा मोठ्याने बोलून झाले की ते तिच्या जवळ राहते.

लेखी चिंतनासाठी ग्रॅहम गिब्ज यांनी 1988 साली मांडलेले चक्र बऱ्याच ठिकाणी वापरतात. त्यात प्रसंगाचे वर्णन, भावना, काय बरे व काय वाईट झाले, त्याचे विश्लेषण, निष्कर्ष आणि पुढच्या वेळची योजना अशा सहा पायऱ्या आहेत. सुरुवातीला ते उपयोगी पडते, कारण विद्यार्थी भावना वगळून थेट निष्कर्षाकडे धावतात. पण दर आठवड्याला सहा रकाने भरून घेऊ लागलो, तर विद्यार्थी शिक्षकाला आवडेल असे चिंतन लिहू लागतात, आणि ते वाचताना कळतेही. एका पोस्टिंगमध्ये एकच, पण मनापासून लिहिलेला प्रसंग पुरेसा आहे. त्याला गुण देऊ नयेत. त्यावर तुमचे दोन प्रश्न लिहून तो परत करावा.

बोलण्याचा सराव

धैर्य हा स्वभावाचा भाग आहे, असे मानून आपण बोलक्या विद्यार्थ्यांचे कौतुक करतो आणि अबोल विद्यार्थ्यांना सोडून देतो. वास्तविक ऐनवेळी बोलणे हे इंजेक्शन देण्याइतकेच शिकता येणारे कौशल्य आहे, आणि इंजेक्शनचा सराव जसा आधी मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) होतो, तसा याचाही सराव प्रयोगशाळेत झाला पाहिजे.

रुग्णसुरक्षेच्या प्रशिक्षणात वापरली जाणारी एक सोपी चढती रीत विद्यार्थ्यांना द्यावी. पहिल्यांदा काळजी बोलून दाखवायची, मग आपल्याला हे योग्य वाटत नाही असे सांगायचे, आणि तरीही काम चालूच राहिले तर ‘हा रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, कृपया थांबा’ असे स्पष्ट म्हणायचे. एकदा दुर्लक्ष झाले तर गप्प न बसता किमान दुसऱ्यांदा बोलायचे, आणि तरीही उपयोग झाला नाही तर इन्चार्ज सिस्टरकडे किंवा आपल्या शिक्षिकेकडे जायचे. सरावासाठी प्रसंग वॉर्डमधलेच घ्यावेत. उदाहरणार्थ, केस पेपरवर पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली असताना ॲमॉक्सिसिलिनचा, म्हणजे पेनिसिलिनच्याच गटातल्या औषधाचा, आदेश आला आहे. एक विद्यार्थी डॉक्टर होईल, एक सिस्टर, आणि डॉक्टर झालेल्याने घाईत आणि थोडे त्रासून उत्तर द्यायचे. “सर, या रुग्णाला पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याची नोंद आहे. ॲमॉक्सिसिलिन देण्याआधी आपण एकदा केस पेपर पाहाल का?” या वाक्यात आदर आहे, माहिती आहे, आणि विनंती नेमकी आहे. आरोप नाही. सराव करताना उभे राहून, खरोखर आवाज काढून बोलायला लावावे. बसून ‘मी असे म्हणेन’ असे सांगणे म्हणजे हॉफलिंग यांच्या कागदी गटासारखे उत्तर देणे झाले.

आता तिसऱ्या पायरीकडे, म्हणजे संरक्षणाकडे येऊ. वॉर्डच्या उतरंडीत विद्यार्थी सर्वांत खाली असतो. त्याच्याकडून धैर्याची अपेक्षा करायची आणि त्याने तोंड उघडल्यावर त्याला एकटे सोडायचे, हा अन्याय आहे. पोस्टिंग सुरू होण्याआधी इन्चार्ज सिस्टरांशी बोलून ठेवावे की आमचे विद्यार्थी प्रश्न विचारतील, काही वेळा वेडेवाकडे विचारतील, आणि तसे त्यांना आम्हीच शिकवले आहे. विद्यार्थ्याने शंका काढली आणि ती चुकीची निघाली, तरी विचारल्याबद्दल त्याचे सर्वांसमोर कौतुक करावे. शंका बरोबर असूनही त्याला बोलणी खावी लागली, तर त्या दिवशी, त्याच वॉर्डमध्ये, तुम्ही त्याच्या बाजूला उभे आहात हे दिसले पाहिजे. उरलेले विद्यार्थी तुमच्याकडेच पाहत असतात, आणि पुढच्या वेळी बोलायचे की नाही ते त्याच क्षणी ठरवत असतात.

विद्यार्थी स्वतःची चूक सांगायला येतो, तेव्हाही हेच लागू होते. आधी रुग्ण सुरक्षित आहे का ते पाहावे, मग नियमाप्रमाणे कळवणे आणि नोंद करणे त्याच्याबरोबर राहून पूर्ण करावे, आणि चूक कशी घडली हे त्यानंतर शांतपणे पाहावे. पहिले वाक्य ‘कळलं नाही का तुला?’ असे असले, तर चूक लपवण्याचा धडा तिथेच मिळतो. पहिले वाक्य ‘लगेच सांगितलंस ते बरं केलंस, चल आधी रुग्णाकडे’ असे असावे.

आज्ञाधारकतेकडून उत्तरदायित्वाकडे

पॅट्रिशिया बेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्नेगी फाउंडेशनसाठी केलेला अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. व्यवसायात नुसते सामावले जाणे आणि त्या व्यवसायाचा माणूस म्हणून घडणे, यांत फरक आहे, असे त्यांनी आग्रहाने मांडले. ज्ञान, कौशल्य आणि नैतिक घडण या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या तासांत न शिकवता एकत्र शिकवल्या पाहिजेत, हा त्यांचा सांगावा मला पूर्णपणे पटतो. गणवेश, शपथविधी, बिल्ला यांनी विद्यार्थ्याला आपण कुठेतरी सामील झालो असे वाटते, आणि त्याला किंमत आहे. परंतु ‘नर्स म्हणून मी कोणाला उत्तरदायी आहे?’ या प्रश्नाचे उत्तर स्वतःला देता येऊ लागले, म्हणजे व्यावसायिक ओळख तयार झाली असे समजावे.

या प्रश्नाचा इतिहास विद्यार्थ्यांसमोर ठेवणे हा एक उत्तम अभ्यास ठरतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने घेतली जाणारी शपथ त्यांनी स्वतः लिहिलेली नाही. 1893 साली डेट्रॉइट येथे लिस्ट्रा ग्रेटर यांच्या पुढाकाराने ती तयार झाली, आणि तिच्या मूळ रूपात डॉक्टरांना त्यांच्या कामात निष्ठेने साहाय्य करण्याचे वचन होते. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने 1953 साली पहिली आचारसंहिता स्वीकारली, तिच्यातही डॉक्टरांचे आदेश समजून आणि निष्ठेने पाळण्याचे कर्तव्य होते. त्याच कलमात अनैतिक गोष्टीत सहभागी होण्यास नकार देण्याचे कर्तव्यही होते. 1973 च्या संहितेने हे वळण पूर्ण केले आणि परिचारिकेची प्राथमिक जबाबदारी ज्यांना शुश्रूषेची गरज आहे त्या लोकांप्रति आहे, असे म्हटले. 2021 मध्ये सुधारलेल्या संहितेतही रुग्ण किंवा सेवेची गरज असलेल्या व्यक्ती यांच्याशी असलेले नाते पहिल्या क्रमांकावर आहे. विद्यार्थ्यांना हे मजकूर शेजारी ठेवून वाचायला द्यावेत आणि विचारावे: आपल्या वॉर्डमध्ये आज यांतली कोणती संहिता चालते? चर्चा फार प्रामाणिक होते. डॉक्टरांविषयी अनादर शिकवणे हा या अभ्यासाचा हेतू नाही, हेही आवर्जून सांगावे. सहकार्य हवेच, फक्त ते रुग्णासाठी आहे.

नैतिक क्लेश आले, तर

योग्य काय ते कळते आहे, पण संस्थेच्या बंधनांमुळे ते करणे जवळजवळ अशक्य आहे, अशा अवस्थेला अँड्र्यू जेम्टन यांनी 1984 साली नैतिक क्लेश म्हटले. काय योग्य हेच न कळणे, किंवा दोन योग्य गोष्टींत निवड करावी लागणे, यांपासून त्यांनी ही अवस्था वेगळी काढली. हा फरक विद्यार्थ्यांना शिकवावा, कारण तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. एलिझाबेथ एपस्टाईन आणि अ‍ॅन हॅमरिक यांनी 2009 साली दाखवून दिले की प्रसंग संपला तरी क्लेशाचा काही अंश मनात साचून राहतो आणि प्रत्येक नव्या प्रसंगागणिक तो वाढत जातो. साचत गेलेल्या या ओझ्याने काही जण व्यवसाय सोडतात आणि काही जण मन घट्ट करून टाकतात. दुसरी गोष्ट मला अधिक काळजीची वाटते, कारण ती नजरेला पडत नाही.

क्लेश घेऊन आलेल्या विद्यार्थ्याबरोबर बसून त्या प्रसंगाचे तीन भाग करावेत: यातले तुझ्या हातात काय होते, सिस्टरांच्या किंवा डॉक्टरांच्या हातात काय होते, आणि रुग्णालयाच्या व्यवस्थेच्या हातात काय होते. रात्रपाळीला एका परिचारिकेवर झेपणार नाहीत इतके रुग्ण असतील, तर वेळेवर कूस न बदलल्यामुळे झालेल्या जखमेचा सगळा दोष कोणा एकीच्या संवेदनशून्यतेवर टाकणे खोटेपणाचे आहे, आणि विद्यार्थ्याला तसे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्याच वेळी, त्याच्या हातात जेवढे होते, मग ते एका रुग्णाची कूस बदलणे असो किंवा जखम दिसताच नोंदवणे असो, तेवढे त्याने केले का, हेही विचारले पाहिजे. व्यवस्थेवर बोट ठेवून स्वतः मोकळे होणे आणि व्यवस्थेचा सगळा भार स्वतःच्या अंगावर घेणे, ही दोन्ही टोके नव्या परिचारिकेला मोडतात. व्यवस्थेच्या हातातला भाग मात्र शिकवणाऱ्यांनी पुढे न्यावा. विद्यार्थ्यांनी सांगितलेल्या गोष्टी, त्यांची नावे न घेता, नर्सिंग प्रशासनापर्यंत पोहोचवण्याची ठरलेली बैठक असावी.

मूल्यमापन आणि निरोपाआधीची तयारी

नैतिक विचाराच्या लेखी चाचण्या संशोधनासाठी ठीक आहेत. त्यांवर विद्यार्थ्याला उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण करू नये. मूल्यमापन करायचे ते दिसणाऱ्या वागण्याचे करावे: प्रक्रियेआधी तो रुग्णाला सांगतो का, पडदा लावतो का, न मोजलेले लिहितो का, शंका आली तर विचारतो का. हे निरीक्षण एकाच व्यक्तीचे नसावे आणि एकाच दिवसाचे नसावे. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी एकाच प्रसंगावर विद्यार्थ्याकडून लिहून घेऊन ती दोन्ही उत्तरे त्याच्याच हातात दिली, तर आपण किती बदललो हे तो स्वतःच पाहू शकतो.

शेवटच्या वर्षात एक वेगळी तयारी लागते. मार्लीन क्रेमर यांनी 1974 साली नव्याने नोकरीला लागलेल्या परिचारिकांना बसणाऱ्या धक्क्याचे वर्णन केले. शाळेत शिकलेली मूल्ये आणि कामाच्या जागेची रीत यांत विसंगती आढळते, सुरुवातीचा उत्साह ओसरतो, मग राग आणि निराशा येते. हे येणार आहे, हे विद्यार्थ्यांना आधीच माहीत असले पाहिजे, म्हणजे तो धक्का स्वतःच्या नालायकीचा पुरावा वाटत नाही. शेवटच्या पोस्टिंगमध्ये प्रत्येकाकडून अशा तीन गोष्टी लिहून घ्याव्यात ज्या कितीही घाई असली तरी तो सोडणार नाही. यादी लहान आणि कृतीच्या भाषेत असावी. ‘मी रुग्णांवर प्रेम करीन’ हे चालणार नाही. ‘रुग्णाला सांगितल्याशिवाय त्याच्या अंगाला हात लावणार नाही’ हे चालेल.

शक्य असेल तर नोकरीला लागून काही महिने झाल्यावर या जुन्या विद्यार्थ्यांना पुन्हा एकदा बोलवावे, त्यांची यादी त्यांना परत द्यावी, आणि तीनपैकी कोणती गोष्ट टिकली, कोणती सुटली आणि ती सुटायला वॉर्डमधली कोणती परिस्थिती कारण ठरली, हे विचारावे. त्यांची उत्तरे पुढच्या तुकडीच्या सरावाचे प्रसंग म्हणून वापरावीत.